तक्रार नसतानाची तपासणी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील असंख्य घरांचे चित्र आज सारखेच आहे. मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली आणि वृद्ध आई-वडील गावच्या घरी. दूरध्वनीवर प्रकृतीची विचारपूस होते, तेव्हा 'आम्हाला काय धाड भरली आहे?' असे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. उच्च रक्तदाब, मधुमेह, काचबिंदू आणि मूत्रपिंडाचे विकार पहिली काही वर्षे बहुधा कोणताही त्रास देत नाहीत. त्रास जाणवू लागतो, तोपर्यंत हानी होऊन गेलेली असते.

या भागाला वैद्यकीय परंपरा मोठी आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि पुढे हे गाव दूरदूरच्या रुग्णांचे आशास्थान बनले. मात्र मिरजेचा हा लौकिक उपचारांचा आहे. आजार बळावण्यापूर्वी करावयाच्या तपासण्यांसाठी मोठ्या रुग्णालयाची पायरी चढण्याची गरज बहुतेक वेळा नसते.

याचे उदाहरण साताऱ्यातच आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात देशातील जे २५ जिल्हे निवडले गेले, त्यांत सातारा होता. त्याची पद्धत साधी होती. आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रौढांचा रक्तदाब मोजायचा, ठरलेल्या मोजक्या औषधांनी उपचार करायचे, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची आणि न येणाऱ्याचा पाठपुरावा करायचा. घरच्या वृद्धांच्या बाबतीतही हाच क्रम उपयोगी पडतो.

कोणत्या तपासण्या कराव्यात?

रक्तदाब दर भेटीत मोजावा. पाच मिनिटे शांत बसल्यानंतर घेतलेले माप वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक आले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळ्या चालू असणाऱ्यांचा रक्तदाब उभे राहूनही मोजावा. उभे राहताच तो एकदम उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. उपाशीपोटी रक्तशर्करा वर्षातून एकदा तपासावी. १२६ किंवा त्याहून अधिक आकडा मधुमेहाकडे निर्देश करतो, मात्र निदान फेरतपासणीनंतरच पक्के होते. रक्तदाब वा मधुमेह असल्यास क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने दरवर्षी पाहावीत. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी तर ही तपासणी टाळूच नये.

डोळ्यांच्या तपासणीत मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही पाहिला जावा. मिश्री लावणाऱ्या वा तंबाखू खाणाऱ्या व्यक्तींचे तोंड तपासून घ्यावे. बरी न होणारी जखम किंवा पांढरा चट्टा दुर्लक्षित करू नये. स्त्रियांच्या स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीविषयी संकोच न ठेवता विचारावे. ऐकू येणे, स्मरणशक्ती आणि चालतानाचा तोल यांचीही विचारणा व्हावी.

जाहिरातीतील साठ-सत्तर चाचण्यांचे 'पॅकेज' म्हणजे उत्तम तपासणी, हा समज मात्र बरोबर नाही. अनावश्यक चाचण्यांतून निरर्थक शंका उद्भवतात आणि वृद्धांची फरफट होते. वय व पूर्वेतिहास पाहून डॉक्टरांनी सुचवलेल्या मोजक्या चाचण्या अधिक मोलाच्या असतात.

खर्चाचा प्रश्नही पूर्वीइतका बिकट नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी तीस वर्षांवरील सर्वांसाठी शासकीय कार्यक्रमात आहे. गावातील आशा सेविकेकडे त्याची चौकशी करावी. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड उपलब्ध आहे. मात्र वर्षाला पाच लाखांचे हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण तपासणीसाठी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाल, तेव्हा एक सकाळ यासाठी राखून ठेवा. घरातील सर्व औषधे, काढे आणि चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. प्रत्येक मापाची तारीखवार नोंद वहीत करा आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढच्या वेळी दूरध्वनीवर केवळ 'बरे आहात ना?' एवढेच न विचारता 'या महिन्यात रक्तदाब किती होता?' असेही विचारता येईल.