पदवी इंग्लंडची, वर्ग दुबईत

आपल्या एका श्रोत्या ताईंनी विचारलंय, "परदेशी विद्यापीठं आता नवी मुंबईतच येणार म्हणतात. लेकीला तिथे घालू का?" उत्तर देण्याआधी माझा अनुभव सांगतो.

मी एका ब्रिटिश विद्यापीठाच्या दुबई शाखेत शिकलो. अभ्यासक्रम, पेपर, पदवी, सगळं मूळ विद्यापीठाचंच. त्यात काही खोट नाही. पण 2022 च्या आधी दुबईत सुट्टी शुक्रवार-शनिवार असायची. रविवारी आमचे तास चालू आणि इंग्लंडचं ऑफिस बंद. एकदा एका विषयात मला चुकून शून्य मार्क लागले. दुबईच्या ऑफिसला दुरुस्तीचा अधिकारच नव्हता. तिकडून शुक्रवारी मेल यायची, मी रविवारी कागद पाठवायचो, ते सोमवारी उघडायचे. तीन आठवडे गेले. तेव्हा कळलं, पदवी तीच असली तरी निर्णय घेणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असतो.

माझं मार्कांवर भागलं. सिंगापूरच्या मुलांचं तसं झालं नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने तिथे 2007 मध्ये कॅम्पस सुरू केला. अपेक्षेपेक्षा खूप कमी मुलं आली, खर्चाचं गणित बसेना. मे महिन्यात बंदची घोषणा झाली आणि जूनअखेर कुलूप! मुलांना सिडनीत जागा देऊ केल्या. पण घरापासून इतकं लांब राहायची तयारी सगळ्यांचीच कशी असणार?

आणखी एक गैरसमज. दुबईत शिकून ब्रिटिश पदवी मिळते, पण शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये काम करता येणारा 'ग्रॅज्युएट व्हिसा' मिळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष ब्रिटनमध्येच शिकावं लागतं.

आता ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. जून 2025 मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईसाठी इरादापत्रं दिली गेली. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार परवानगीशिवाय कोर्स बंद करता येत नाही आणि केलाच तर मुलांची पर्यायी सोय मूळ विद्यापीठाने करायची. हा मोठा आधार आहे. तरी फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: पदवीवर नाव कुणाचं असेल, तक्रारीचा निकाल कोण देणार आणि शाखा बंद पडली तर लेकीला कुठे, किती खर्चात पाठवणार. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर चेक खिशातच ठेवा.

भेटू पुढच्या भागात!