शार्लट मरते, हे मुलांना सांगायचं का?

हप्ते, व्याज, बँकेची कर्जफाईल यांवर आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज मात्र मुलांना सांगायच्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. विषय हलका वाटेल, पण आमच्या गटात कर्जवाटपावर झाली नसेल एवढी वादावादी या गोष्टीवर झाली.

आमच्याकडे शनिवारी बैठक असते. बायका आल्या की मुलंही येतात, आणि इकडे पासबुकं भरत असताना तिकडे मोबाईलसाठी रडारड सुरू होते. म्हणून ठरलं, की बैठक आटोपली की अर्धा तास गोष्ट. रोज नवी छोटी नाही, एकच मोठी, पुढच्या शनिवारी पुढचा भाग. मी पुस्तक निवडलं 'शार्लट्स वेब', म्हणजे शार्लटचं जाळं. ई. बी. व्हाइट या अमेरिकन लेखकाचं, १९५२ साली निघालेलं. पुस्तक इंग्रजी आहे, बावीस प्रकरणांचं. मी आठवडाभरात दोन प्रकरणं वाचून ठेवायची आणि शनिवारी आपल्या बोलीत सांगायची. अडलेल्या शब्दाला शब्दकोश. अकरा शनिवार लागले.

हेच पुस्तक का, तर ते सगळं गोठ्यात घडतं. राजाराणी नाही, राजवाडा नाही. शेण आहे, पेंढा आहे, दूध काढायला बसायचं स्टूल आहे. आपल्या मुलांना त्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या मुलांना लागत असेल.

गोष्ट थोडक्यात सांगते. एका शेतकऱ्याकडे डुकरीण विते. त्यातलं एक पिल्लू फारच लहान, अशक्त असतं. ते जगायचं नाही, म्हणून बाप सकाळीच कुऱ्हाड घेऊन निघतो. त्याची आठ वर्षांची मुलगी फर्न त्याला अडवते. मी लहान जन्मले असते तर मलाही मारलं असतं का, असं विचारते. बाप गप्प होतो. फर्न पिल्लाला बाटलीने दूध पाजते, त्याचं नाव विल्बर ठेवते. पुढे विल्बर तिच्या मामाच्या गोठ्यात जातो. तिथली म्हातारी मेंढी त्याला सांगून टाकते, की तुला खाऊपिऊ घालतात ते थंडीत कापण्यासाठी. विल्बर रडतो, तेव्हा गोठ्याच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातली कोळीण त्याला म्हणते, मी तुला वाचवीन. ती शार्लट.

वाचवते कशी? जाळ्यात शब्द विणून. धुक्याच्या एका सकाळी गडी येतो, तर जाळ्यावर दव चमकतंय आणि मधोमध अक्षरं, 'काय डुक्कर आहे!' अशा अर्थाची. गावभर बोभाटा. लोक गाड्या काढून डुक्कर बघायला येतात. एवढं नावाजलेलं डुक्कर कापायचं कसं?

इथे आमच्या बायका पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. कारण पुस्तकात मालकीणबाई नवऱ्याला म्हणते, की अहो, मला तर वाटतं ती कोळीणच काही साधी नाही. आणि नवरा म्हणतो, छे, डुक्करच असामान्य आहे, तिथे लिहिलंय ना! राबते कोळीण, नाव डुकराचं. यावर मला एक शब्दही समजवावा लागला नाही.

पुढची हकीकत भराभर सांगते. शार्लट आणखी शब्द विणते. ते शोधून आणतो टेम्पलटन नावाचा उंदीर, उकिरड्यावरच्या जुन्या कागदांतून, साबणाच्या खोक्यावरून. फुकट काही करत नाही तो, खायला मिळालं तरच. मुलांना सगळ्यांत आवडला तोच. मग जिल्ह्याची जत्रा येते. आपल्याकडचं जनावरांचं प्रदर्शन आणि आकाशपाळणा एकाच मैदानात, तसं. विल्बरला तिथे खास बक्षीस मिळतं आणि त्याच्या जिवावरचं संकट टळतं. पण शार्लटने आदल्या रात्री अंड्यांची थैली विणलेली असते, त्यात पाचशे चौदा अंडी. तिच्यात आता जीव उरलेला नसतो. ती विल्बरला सरळ सांगते, की मी परत येणार नाही, एकदोन दिवसांत मरेन. विल्बर ती थैली तोंडात, जिभेवर जपून घरी नेतो. शार्लट मागे राहते आणि दुसऱ्या दिवशी, मैदान रिकामं होत असताना, एकटीच मरते.

आता वाद. नवव्या शनिवारपर्यंत बायकांनी मला विचारून शेवट काढून घेतला होता. आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, बक्षीस मिळालं तिथेच थांब. डुक्कर वाचलं, गोष्ट संपली. लेकरांना कशाला रडवायचं?" दुसरी म्हणाली, शार्लट परत येते असं सांग, कुणाला कळतंय. दोघी मनाच्या वाईट नाहीत. आपण घरी हेच करतो. बकरी विकली की 'चरायला गेली', म्हातारं माणूस गेलं की 'गावाला गेलं'.

मी शेवट बदलला नाही. कारण सांगते. ही गोष्ट पहिल्या पानापासून मरणाबद्दलच आहे. कुऱ्हाडीने सुरू होते. ज्या मुलांनी कुऱ्हाड ऐकून घेतली, मेंढीचं बोलणं ऐकून घेतलं, त्यांना शेवटी खोटं सांगितलं तर ती फसवणूक होते, आणि मुलं ती ओळखतात. शिवाय शार्लटच्या मरणानंतर पुस्तक थांबत नाही. हिवाळा जातो, थैलीतून पिल्लं बाहेर येतात, बरीचशी बारीक धाग्यांवर तरंगत वाऱ्याबरोबर निघून जातात. विल्बर पुन्हा रडतो. पण तिघी राहतात, त्याच दारात जाळी विणतात. तो भाग मिळवायचा तर मरणाच्या भागातून जावंच लागतं. मध्येच कापून तो मिळत नाही.

लेखकालाही हा भाग सोपा नव्हता. १९७० मध्ये व्हाइटनी हे पुस्तक स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा शार्लटच्या मृत्यूपाशी त्यांचा गळा दाटून येई आणि तो भाग पुन्हापुन्हा वाचावा लागला. स्वतः लिहिलेलं, तेही अठरा वर्षांपूर्वी! तेव्हा सांगताना तुमचा आवाज हलला तर हलू द्या. पाणी प्या, पुढे सांगा.

मी 'देवाघरी गेली' म्हटलं नाही, 'मेली' म्हटलं. खोलीत शांतता झाली. मग सात वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "पण तिने विल्बरला आधी सांगितलं होतं ना?" मी म्हटलं, हो, सांगितलं होतं. ती म्हणाली, "मग बरंय." या मुलीची आजी उन्हाळ्यात वारली होती आणि घरी तिला सांगितलं होतं, की आजी पुण्याला आत्याकडे आहे. तिची आई माझ्या शेजारीच बसली होती. त्या रात्री तिने मुलीला खरं सांगितलं. मुलगी रडली, आणि म्हणाली म्हणे, की मला माहीतच होतं, तुम्ही सगळे सांगत नव्हता म्हणून मी विचारत नव्हते.

दुसरा प्रश्न बोकडाचा. अनेकींनी आधीच सुचवलं होतं, की डुक्कर कशाला, घाण वाटतं, त्याच्या जागी बोकड घाल. मी डुक्करच ठेवलं. ज्या जनावराला बघून मुलं दगड उचलतात, त्याच्यासाठी मुलं दुसऱ्या शनिवारीच काळजी करायला लागली. बोकड घातला असता तर हे झालं नसतं. पण बोकड आलाच. एका पोराने विचारलं, "आमचा जत्रेला कापला, त्याच्यासाठी कुणी का नाही लिहिलं?" बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मी त्याला लेखकाचंच सांगितलं. व्हाइट अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात शेतावर राहत. ते दर वर्षी डुक्कर पाळत आणि थंडीत कापत, शेजारीपाजारी करत तसंच. एका वर्षी त्यांचं डुक्कर आजारी पडलं. कापायचंच होतं, तरी हा माणूस त्याच्या उशाशी बसला, औषधं पाजली. ते मेलं. व्हाइटनी त्यावर लेख लिहिला, तो १९४८ साली छापून आला. चार वर्षांनी हे पुस्तक आलं. पोरगा म्हणाला, "म्हणजे त्यांना पण वाईट वाटलं." एवढ्यावर तो थांबला, आणि मीही त्याला मटण खा किंवा नको खाऊ असं काही सांगितलं नाही. ते त्याच्या घराचं काम.

सांगणाऱ्यांसाठी थोड्या गोष्टी. 'कोळी' म्हटलं की आमच्याकडची मुलं आधी मासेवाल्यांचा विचार करतात, म्हणून पहिल्या दिवशी गोठ्यातलं जाळंच दाखवलं. पाय मोजायला लावले, आठ भरले. किड्याला सहा असतात, म्हणून कोळी किडा नव्हे, हेही तिथेच झालं. व्हाइटनी लिहिण्याआधी कोळ्यांचा खूप अभ्यास केला होता. गोठ्यातली अंड्यांची थैली खोक्यात घालून न्यूयॉर्कच्या घरी नेली आणि तिथे पिल्लं बाहेर येऊन आरशावर धागे ताणू लागली. शेवटी घरकामाच्या बाईंनी तक्रार केली तेव्हा ती हलवली! त्यामुळे जाळ्यात अक्षरं विणणं सोडलं तर पुस्तकातली कोळीण खऱ्या कोळिणीसारखीच वागते. त्या जातीची मादी खरोखरच शरदात अंडी घालून मरते, आणि पिल्लं खरोखरच धाग्यावर उडत जातात.

जाळ्यातले शब्द मुलांकडून काढून घ्या. शेवटच्या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ होतात, गर्व नसलेला आणि जमिनीलगतचा. 'नम्र' म्हटलं तर दुसरा अर्थ जातो. आमच्या एका आजींनी सुचवलं, "पाय जमिनीवर". दोन्ही अर्थ आले. मी बी.ए. झालेली, मला नव्हतं सुचलं. मुलांना चार अक्षरांत बसणारे शब्द पाटीवर लिहायला सांगितले, कारण कोळिणीला प्रत्येक अक्षराचे कष्ट पडतात. एरवी शुद्धलेखनाला पळणारी मुलं ऱ्हस्व-दीर्घ विचारायला लागली, की जाळ्यात चुकलं तर उसवावं लागेल.

नावं बदलू नका. विल्बर, फर्न, शार्लट मुलांच्या तोंडी दोन दिवसांत बसतात. बर्फ, ख्रिसमस तिथलं तसंच ठेवा. मधल्या एका प्रकरणात फर्नची आई डॉक्टरकडे जाते, मुलगी जनावरांचं बोलणं ऐकते म्हणून. ते गाळावंसं वाटेल, गाळू नका. आपल्यासाठीच आहे ते. डॉक्टर म्हणतो, की जाळ्यात अक्षरं आली याचं सगळ्यांना नवल, पण मुळात जाळं हेच नवल आहे, ते कुणी बघत नाही.

पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मागून बघा. नसेल तर दोनतीन गटांनी मिळून एक प्रत घ्या, इंग्रजी वाचणारी एक मुलगी कॉलेजातली धरा, आणि सांगायला मात्र ज्या बाईची जीभ गोड ती बसवा. आमच्याकडे दिवाळीची झाडलोट सुरू झाली, तेव्हा गोठ्याच्या दारातलं एक कोळिष्टक मुलांनी झाडू दिलं नाही. सासूबाई झाडणी हातात घेऊन उभ्या, आणि पोरं म्हणतायत, थैली लागलीय त्याला, पिल्लं निघेपर्यंत थांबा.