नाटकाची तालीम आणि नाटकाचे शिक्षण

नाटक करणे आणि नाटक शिकणे या दोन गोष्टी आपल्या वऱ्हाडात अद्याप एकच समजल्या जातात. मुलाने महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात काम केले तर घरची मंडळी पहिल्या रांगेत बसून कौतुक करतात. पण त्याच मुलाने बारावीनंतर नाट्यशास्त्र घेतो म्हटले, की त्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. त्यात शिकायचे काय असते, हा वडिलांचा पहिला प्रश्न. आणि पोट कसे भरशील, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आम्हांस रास्त वाटतात.

शेती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तरीही १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाले, आणि आजोबा नांगर धरीत होते तेव्हा नातवाने शेतीची पदवी कशाला घ्यावी, असे त्याबद्दल कोणी म्हणत नाही. अमरावतीचा दाखला तर याहून बोलका आहे. १९१४ साली येथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या खेळाडूंनी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, आणि पुढे याच मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय उभे राहिले. योगायोग असा, की त्याच १९१४ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने नाट्यकलेचा विभाग उघडला. आखाड्याला आपण तालीम म्हणतो आणि नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतो. यांतली एक तालीम विद्या ठरली. दुसरीकडे मात्र आपण अजून हौस म्हणूनच पाहतो.

पूर्वी नाटक शिकण्याची शाळा म्हणजे नाटक कंपनी. कंपनीत दाखल झालेल्या पोराने नक्कल पाठ करावी, तालीममास्तरांची बोलणी खावी, गाण्याला बसावे आणि रात्री विंगेत उभे राहून थोरांचे काम पाहावे, असा तो अभ्यासक्रम होता. आपल्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने केले, आणि १९२७ साली त्यांचे ‘रणदुंदुभि’ बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. तेव्हा त्या नाटकांना अशा शाळेत तयार झालेले नट मिळाले. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि थोड्याच वर्षांत कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. कंपनी बुडाली याचे दुःख सर्वांनी केले. तिच्याबरोबर शाळाही बुडाली, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले.

ती जागा भरण्यास वेळ लागला. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचे, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ चे. त्यांच्या मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाने नाट्यशास्त्राचा विभाग काढला. लक्ष्मण देशपांडे हे तेथलेच अध्यापक. १९७९ साली रंगमंचावर आलेला त्यांचा ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. (त्यातले वऱ्हाड लग्नाचे, आपल्या वऱ्हाडाशी त्याचा संबंध नाही!) एकटा नट क्षणात म्हातारी होतो, क्षणात पोर होतो. याला देणगी लागते हे खरे. पण आवाज, चाल आणि मान यांचा बदल दर प्रयोगाला हुकमी यावा, याला अभ्यासच लागतो.

हा अभ्यास कशाचा, हे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने सांगूनच ठेवले आहे. अभिनय चार प्रकारचा : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. यांतला सात्त्विक म्हणजे आतून येणारा; तो वर्गात शिकवून येतो असे आम्ही म्हणणार नाही. उरलेले तीन मात्र शिकण्याचेच विषय आहेत. आहार्यात वेष, रंगभूषा आणि सजावट येते. आजचे प्रकाशयोजनेचे कामही त्याच्याच शेजारी बसवावे लागेल.

आमच्या मते आपल्याकडे सर्वांत अधिक हेळसांड होते ती वाचिकाची. नाट्यगृह अवाढव्य बांधू नये, बांधल्यास नटाचे शब्द अस्फुट होतात, असे नाट्यशास्त्राने बजावले आहे आणि चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडप उत्तम मानला आहे. आपण त्या काळी नसलेल्या ध्वनिक्षेपकावर भिस्त ठेवून हे विसरलो. पोटातून श्वास घेऊन मागल्या रांगेपर्यंत कुजबूजसुद्धा पोचविणे हे महिनोन्‌महिने रोज करण्याचे काम आहे.

दुसरी गोष्ट बोलीची. ‘मले’, ‘तुले’, ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला आधी ‘शुद्ध बोल’ असा दम मिळतो. ण उच्चारता आला पाहिजे, यात वाद नाही. परंतु वऱ्हाडी टाकून तो मिळवायचा, हा व्यवहार तोट्याचा. यवतमाळ जिल्ह्यात जन्मलेले महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या धरणगावच्या देशपांड्यांचे घर उभे करताना आपल्या मुलांजवळ असलेला कान मुंबईच्या नटाला मुद्दाम कमवावा लागतो. आणि ज्या गाडगेबाबांचे नाव अमरावती विद्यापीठाला दिले आहे, त्यांचे कीर्तन आठवा. लोकांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे आणि हसता हसता त्यांना गप्प करायचे. हजारोंच्या समुदायाला बोलीत कसे बांधून ठेवावे, याचा याहून चांगला पाठ कोणत्या पुस्तकात मिळणार?

महाविद्यालयांत आज नाटक होत नाही असे नाही. युवक महोत्सवात एकांकिकेला तीस मिनिटे, प्रहसनाला दहा आणि मूकाभिनयाला पाच मिनिटे मिळतात. त्यासाठी मुले काही आठवडे रक्ताचे पाणी करतात. बक्षीस मिळते किंवा हुकते, आणि पुढच्या महोत्सवापर्यंत सारे सामसूम. महोत्सवाआधीचा महिना दंड काढून कोणी मल्ल झाल्याचे ऐकिवात नाही.

आता पोटाचा प्रश्न. पदवी घेतली की नट म्हणून चरितार्थ चालेल, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पूर्वेकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटके चालतात आणि लोक तिकीट काढून येतात. तेथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या अमरावती-अकोल्याकडे तसा बांधलेला हंगाम नाही. परंतु प्रकाश, नेपथ्य, ध्वनी, रंगभूषा यांतले हातचे काम जाणणारा माणूस नाटकाबाहेरही लागतो, आणि मुलांकडून नाटक करवून घेऊ शकणारा शिक्षक तर शाळेलाही हवाच असतो.

म्हणून मुलाला नाट्यविभागात घालण्यापूर्वी पालकांनी तेथे एकदा जाऊन यावे. आवाजाचा आणि शरीराचा तास रोज होतो का, दिव्यांची उपकरणे मुलांच्या हाती देतात की कपाटात कुलपात ठेवतात, आणि महोत्सव सोडून वर्षात किती नाटके विद्यार्थी स्वतः उभी करतात, एवढे विचारावे.