पुढच्या भागातला खलनायक आणि लठ्ठ देवदत्त



आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडली असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने जेऊरसारख्या ठिकाणी उभं राहून सिनेमातल्या खलनायकावर बोलावं, हे काय? पण हा विषय आम्हाला इथल्याच मुलांनी दिला. परवा स्टेशनबाहेर आम्ही चहा घेत होतो. शेजारी कॉलेजची चार पोरं हुज्जत घालत होती. एक म्हणाला, "लगा, क्रिश फोरमधी जादू परत येणार बघ." दुसरा म्हणाला, "त्यो येऊ दे की, पण व्हिलन कोण?" तिसऱ्याने एका नटाचं नाव घेतलं. पुरावा काय, तर त्या नटाने सध्या दाढी वाढवली आहे. चौथ्याने निकालच लावला : "त्याच्या तोंडाकडं बघितलं तरी कळतंय, व्हिलनच हाय त्यो."

चहा गार झाला. त्यांचाही आणि आमचाही. कारण त्या पाच मिनिटांत पोरांनी प्रमाणशास्त्राचे दोन-तीन मोठे प्रश्न टेबलावर मांडले होते, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००३ साली 'कोई मिल गया' आला. मंदबुद्धी रोहितला जादू नावाचा परग्रहावरचा पाहुणा शक्ती देतो. २००६ च्या 'क्रिश'मध्ये रोहितचा मुलगा कृष्णा मुखवटा घालून लोकांना वाचवतो. २०१३ साली 'क्रिश ३' आला. मग बराच काळ शांतता. मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केलं की चौथ्या भागाचं दिग्दर्शन हृतिक रोशन स्वतः करणार. झालं! सिनेमा अजून व्हायचाय, पण खलनायक कोण याच्या पैजा लागल्या.

आता हे रिकामटेकडेपण आहे असं आम्ही म्हणणार नाही. ही विचार करण्याची एक जुनी आणि मानाची रीत आहे. आपल्याकडे मीमांसकांनी तिला नाव दिलं : अर्थापत्ती. त्यांचं ठरलेलं उदाहरण लठ्ठ देवदत्ताचं. देवदत्त लठ्ठ आहे, हे डोळ्यांना दिसतं. देवदत्त दिवसा जेवत नाही, हेही ठाऊक आहे. दोन्ही खरं, पण दोन्ही एकत्र नांदत नाही. तेव्हा तिसरी गोष्ट मानावी लागते : देवदत्त रात्री जेवतो. कोणी त्याला रात्री जेवताना पाहिलेलं नाही. पण ते मानल्याशिवाय पाहिलेल्याचा मेळच बसत नाही. नैयायिक म्हणाले, याला वेगळं प्रमाण कशाला, हे अनुमानातच बसतं. तो वाद शतकानुशतकं चालला. अमेरिकेतल्या चार्ल्स पर्स या तत्त्ववेत्त्यानेही एकोणिसाव्या शतकात याच्याशी नातं सांगणारी तर्काची एक रीत वेगळी काढून दाखवली : आश्चर्य वाटावं असं काही दिसलं, की ते आश्चर्य मिटवणारी कल्पना शोधायची. डॉक्टर हेच करतो, पोलीस हेच करतात, आणि चहाच्या टपरीवरचा पोरगाही हेच करतो.

पण इथे एक अट आहे, आणि सगळी गोम त्या अटीत आहे. मानलेल्या गोष्टीशिवाय दुसरा मार्गच नाही, असं असलं पाहिजे. आजचा डॉक्टर देवदत्ताला तपासून म्हणेल, रात्रीच्या जेवणाचं राहू द्या, आधी थायरॉइडची तपासणी करा. म्हणजे दुसरी वाट निघाली आणि अर्थापत्ती डळमळली. अंदाज बांधणं सोपं असतं, बाकीच्या वाटा बंद करणं कष्टाचं असतं. आपण बहुतेक वेळा पहिलं काम करतो आणि दुसरं टाळतो.

आता दाढीकडे या. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे आग आहे, असं आपण म्हणतो. का? कारण जिथे धूर तिथे आग, हे नातं कुठे मोडलेलं दिसत नाही. पण जिथे दाढी तिथे खलनायक, असं नातं आहे का? दाढी कोणी नवसाची ठेवतो, कोणी वेगळ्याच सिनेमासाठी, कोणी नुसत्या आळसाने. असलं कारण, जे या घरीही सापडतं आणि त्या घरीही, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचारी हेतू म्हणतात. तो काहीच सिद्ध करत नाही. हा झाला पहिला दोष.

दुसरा दोष त्याहून सूक्ष्म आहे. डोंगरावरचा धूर आपल्याला फसवण्यासाठी निघत नाही. सिनेमाच्या जाहिरातीतला धूर मात्र कोणीतरी मुद्दाम केलेला असतो. तो पाहताना आग कुठे आहे हे विचारून भागत नाही. हा धूर कोणी केला आणि कशासाठी, हेही विचारावं लागतं.

'बाहुबली' आठवा. पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला आणि एका प्रश्नावर थांबला : कटप्पाने बाहुबलीला का मारलं? दुसरा भाग आला एप्रिल २०१७ मध्ये. मधली पावणेदोन वर्षं अख्खा देश अंदाज बांधत होता. कोणी म्हणे कटप्पा फितूर झाला, कोणी म्हणे बाहुबली मेलाच नाही. उत्तर काय निघालं? शिवगामीने हुकूम दिला, आणि सिंहासनाशी पिढीजात बांधला गेलेला कटप्पा तो मोडू शकला नाही. लोक कपट शोधत होते, तिथे निघाली आज्ञाधारकता. ज्याच्या खांद्यावर तो वाढला त्याच माणसाने, मनात द्वेष नसताना, त्याच्या पाठीत तलवार खुपसली. पावणेदोन वर्षं आपण 'वाईट माणूस कोण' हे विचारत होतो. प्रश्न असा हवा होता, की चांगल्या माणसाकडून एवढं वाईट कसं होतं?

तिसरा दोष चौथ्या पोराचा : तोंडावरून कळतं. हा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक.

ऑस्ट्रेलियाचा नट हीथ लेजर. बॅटमनच्या सिनेमात जोकर तो करणार हे २००६ साली जाहीर झालं, तेव्हा अनेक चाहते चिडले. हा देखणा, हळव्या भूमिका करणारा पोरगा, हा कसला जोकर? सिनेमा २००८ मध्ये आला. त्याआधीच लेजर गेला होता. २००९ साली त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं, आणि आज जोकर म्हटलं की अनेकांना तोच चेहरा आठवतो. चाहत्यांचं काय चुकलं? त्यांनी जुन्या भूमिकांवरून नवी ठरवली. काल असा होता म्हणून उद्याही असाच.

आपल्या निळूभाऊंचंच घ्या. निळू फुले पडद्यावर आले की बायाबापड्या बोटं मोडायच्या. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील पाहून दुसरं काय होणार? पण पडद्यामागचा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिलेला. जब्बार पटेलांनी 'सामना'त त्यांना हिंदुराव केलं आणि १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये त्यांनाच पत्रकार दिगू केलं, सगळा बाजार उघड्या डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार. चेहरा तोच होता. त्यात खलनायक आम्ही पाहत होतो.

मग पोरांनी अंदाज बांधायचाच नाही का? बांधावा, पण नीट. 'क्रिश'च्या गोष्टी पाहा. दुसऱ्या भागातला डॉक्टर सिद्धांत आर्य, नसीरुद्दीन शाह, हा कुठून येतो? भविष्य दाखवणारं यंत्र त्याने रोहितच्याच बुद्धीवर उभं केलेलं आहे. तिसऱ्या भागातला काल, विवेक ओबेरॉय, हा कोण निघतो? रोहितच्याच डीएनएपासून प्रयोगशाळेत जन्मलेला. म्हणजे या कथेत खलनायक बाहेरून येत नाही. या घराला मिळालेल्या देणगीतूनच तो उगवतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी त्या घरात शक्ती घेऊन आलेलं बाळ आहे. तेव्हा आमचा अंदाज विचाराल तर नटाचं नाव आम्ही सांगणार नाही. एवढंच म्हणू, की पुढचं संकटही घरातूनच यावं. ते चुकलं तर चुकलं. पण हा अंदाज दाढीवर उभा नाही, कथेच्या गरजेवर उभा आहे. चुकला तर कुठे चुकला हे आम्हाला शोधता येईल. अंदाज चुकला म्हणून लाज वाटायचं कारण नाही. कशावर उभा आहे हेच सांगता येत नसेल, तर मात्र तो बिनकामाचा.

आता म्हणाल, सिनेमाच तो, चुकला तर कोणाचं काय बिघडतं? सिनेमात काहीच बिघडत नाही. पण मन एकच असतं. जे मन टपरीवर 'तोंडावरून कळतंय' म्हणतं, तेच मन रात्री विहिरीवरची मोटार चोरीला गेली की सकाळी गावाबाहेरच्या पालाकडे बोट दाखवतं.

आणि ही गोष्ट सोलापूर जिल्ह्याने विसरू नये. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, आणि पुढे तो कायदा देशभर पसरवला. पारधी, कैकाडी, भामटा, अशा किती तरी. सिनेमाच्या भाषेत सांगायचं तर सरकारनेच भूमिका वाटून टाकल्या. पोर पाळण्यात असतानाच त्याला खलनायकाचं काम दिलं. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. त्या जागेचं सेटलमेंट हे नाव आजही सोलापूरकरांच्या तोंडी आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. कागदावरून गेला. पण सव्यभिचारी हेतू कायद्याने रद्द होत नाही बरं का. तो ज्याचा त्याने रद्द करावा लागतो.

आणि मंडळी, या जेऊरच्या माणसाने तर हे पडद्यावर मांडून दाखवलंय. नागराज मंजुळे तुमच्याच गावचे. 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये आला. त्यातला शेवट आठवा. आर्चीचा भाऊ आणि नातेवाईक माहेरची भेट घेऊन येतात, बसतात, चहा घेतात. कोणाच्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं. ओळखीची, आपल्यातली माणसं होती ती. त्यानंतर याच भागात आम्ही ऐकलंय, 'सैराट'चा दुसरा भाग आला तर ते लेकरू मोठं होऊन बदला घेईल. म्हणजे परत तेच : एक नायक, एक खलनायक, शेवटी हाणामारी. पण त्या घरात जे आलं ते एका प्रिन्सच्या अंगातलं खूळ नव्हतं. त्याच्या मागे 'आपली अब्रू गेली' म्हणणारं अख्खं गाव उभं होतं. त्या गावाच्या भूमिकेसाठी नट कुठून आणणार?

त्याआधीचा 'फँड्री' पाहा. कैकाड्याचा जब्या डुकराच्या मागे धावतोय आणि गाव तमाशा पाहतंय. शेवटी तो दगड भिरकावतो. तो दगड सरळ पडद्यातून आपल्याकडे येतो. पुढच्या भागातला खलनायक कोण, या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर आम्ही दुसऱ्या कुठल्या मराठी सिनेमात पाहिलेलं नाही.

तेव्हा, पोरांनो, पैजा लावा. फक्त लावण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. माझं कारण दुसरीकडेही सापडतं का? हा धूर कोणी मुद्दाम केलाय का? आणि मी चेहरा पाहतोय की कृती? सिनेमाच्या बाबतीत एवढं केलंत तर पैज जिंकण्याची शक्यता थोडी वाढेल. गावाच्या बाबतीत केलंत तर एखाद्या निरपराध माणसाची रात्र पोलीस ठाण्यात जाणार नाही.

जाता जाता एक. व्याख्यान सुरू होण्याआधी मागच्या रांगेतल्या एका मुलीने आम्हाला विचारलं, "सर, असा विचार करत बसलं तर सिनेमा बघायची मजा जात नाही का?" बेटा, जात नाही. देवदत्त रात्री जेवतो हे कळल्यावर गोष्ट संपत नाही. तो चोरून का जेवतो, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

आम्ही इथे थांबतो.