‘एकच खेळ धर’ म्हणण्याआधी

नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, १९ वर्षांखालील मुलींच्या एकदिवसीय स्पर्धेत मुंबईच्या १७ वर्षांच्या एका मुलीने सौराष्ट्राविरुद्ध १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा केल्या. सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१३ साली वडोदऱ्यात नाबाद २२४ धावा केल्या होत्या. त्यानंतर पन्नास षटकांच्या सामन्यात द्विशतक ठोकणारी ही दुसरी भारतीय मुलगी, जेमिमा रॉड्रिग्ज. ही मुलगी महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील हॉकी संघातही निवडली गेली होती, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण गारखेड्याच्या क्रीडा संकुलापासून शाळेच्या मैदानापर्यंत मुलींच्या पालकांना एकच सल्ला मिळतो : दोन खेळ नकोत, एक धरा. एक ना धड, भाराभर चिंध्या. सल्ला देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण त्यामागचे बरेच समज चुकीचे आहेत, आणि त्यांपायी मुली बाराव्या-तेराव्या वर्षीच मैदान सोडतात.

गैरसमज : दोन खेळ खेळणारी कुठल्याच खेळात वर जात नाही.

ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी २००७ साली, सोळाव्या वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने देशाकडून क्रिकेटही खेळली आणि फुटबॉलही. २०११ च्या महिला फुटबॉल विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत तिने स्वीडनविरुद्ध गोल केला. न्यूझीलंडची कर्णधार राहिलेली सोफी डिव्हाइन देशाच्या हॉकी संघातही होती. कॅनडाच्या हेली विकेनहायझरकडे आइस हॉकीची चार ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ती सॉफ्टबॉलही खेळली. पुढे ती डॉक्टर झाली.

एका खेळातलं दुसऱ्यात नेमकं काय जातं? हॉकी स्टिक धरताना डावा हात वर, उजवा खाली. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाची बॅटवरची पकडही तशीच. स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू तिनेच मारावा लागतो, मागच्या गोल बाजूने मारला की फाउल. म्हणून चेंडू डाव्या अंगाला आला की वरच्या हाताचं मनगट वळवून स्टिक उलटी फिरवावी लागते, तीही कमरेत वाकून, पळता पळता. रिव्हर्स स्वीप मारताना जमिनीलगतच्या चेंडूवर मनगट असंच फिरवावं लागतं. हे ज्या मुलीने हजारदा केलंय, तिला तो फटका शिकवायला वेगळा खटाटोप कशाला?

पायांचंही तसंच. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ठेवलेल्या ३३९ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना जेमिमाने १३४ चेंडूंत नाबाद १२७ धावा केल्या. त्यात चौकार १४, म्हणजे ५६ धावा. उरलेल्या ७१ तिने पळून काढल्या, आधी जवळपास पन्नास षटकं क्षेत्ररक्षण करून. थोडं थांब, पुन्हा झेप घे, पुन्हा वळ, ही हॉकीतली धावपळ अंगात मुरलेली असेल तर अशा वेळी कामाला येते.

२०२२ च्या विश्वचषकासाठी तिला संघातून वगळलं, तेव्हा ती मुंबईत एका रिंक हॉकी स्पर्धेत उतरली होती. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकणाऱ्या संघात ती पुन्हा होती. मन लागत नसेल तेव्हा जायला दुसरं मैदान असणं ही केवढी सोय आहे!

गैरसमज : दहाव्या वर्षी एक खेळ पक्का केला नाही तर उशीर होतो.

जिम्नॅस्टिक्ससारख्या मोजक्या खेळांत हे खरं आहे. बाकी बहुतेक खेळांत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की एकाच खेळावर लक्ष केंद्रित करणं साधारण १५-१६ व्या वर्षापर्यंत लांबवलेलं बरं. वाढत्या वयात हाडं आणि स्नायूबंध कच्चे असतात. वर्षभर तोच खांदा, तीच कंबर, तोच गुडघा वापरला की तिथेच दुखणं सुरू होतं. खेळ बदलला की भारही बदलतो.

गैरसमज : दोन खेळ म्हणजे दुप्पट दमणूक.

दोन्ही एकाच वेळी लादले तर होईलच. हंगाम वेगळे ठेवले तर नाही. अमेरिकेत काही मुली आइस हॉकीही खेळतात आणि टॅकल फुटबॉलही, म्हणजे हेल्मेट-पॅड घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. हॉकी हिवाळ्यात, महिलांच्या फुटबॉल लीगचा हंगाम वसंत आणि उन्हाळ्यात. त्यातल्या कित्येकींना पैसे मिळणं दूरच, खेळण्यासाठी स्वतःच वर्गणी भरावी लागते, आणि नोकरी सांभाळून हे चालतं. आपल्याकडे जपायचा साधा नियम असा : आठवड्यातले सरावाचे तास मुलीच्या वयापेक्षा जास्त नकोत. बारा वर्षांची असेल तर बारा तास, आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती.

गैरसमज : अंगावर येणारे खेळ मुलींनी खेळू नयेत, पुढे मूल व्हायला अडचण येते.

मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच समज. गर्भाशय ओटीपोटात खोल, कमरेच्या हाडांच्या आत सुरक्षित असतं. खेळताना लागणाऱ्या नेहमीच्या धक्क्यांनी त्याला इजा होत नाही. आइस हॉकीच्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत मुद्दाम अंगाने धडक मारली तर शिक्षा होते. रग्बीत खांद्याच्या वर टॅकल करायला बंदी आहे. पुण्याची वाहबीझ भरूचा भारतीय महिला रग्बी संघाची कर्णधार होती. २०१८ मध्ये हा संघ पंधरा खेळाडूंच्या रग्बीत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवून पहिला विजय मिळवला.

खरे धोके वेगळे आहेत आणि त्यांबद्दल घरात कुणी बोलत नाही. भरपूर सराव आणि अपुरं जेवण यामुळे पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. पाळी लांबली की ‘खेळामुळे होतं असं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे. उडी मारून नीट उतरणं, तोल सांभाळणं यांचा वीसेक मिनिटांचा वॉर्मअप सरावाआधी नियमित केला तर ते कमी होतं. आणि डोक्याला मार लागून गरगरलं, तर त्या दिवशी मैदानात परत पाठवायचं नाही, मग सामना कितीही रंगात आलेला असो.

गैरसमज : आइस हॉकी, रग्बी असले खेळ आपल्या देशातले नव्हेतच.

लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर आइस हॉकी शिकल्या. भारताचा महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक घेऊन आला.

शेवटी जेमिमाने क्रिकेट निवडलं, पेरीनेही. वरच्या पातळीवर एक वाट धरावीच लागते, हे खरं. पण दोघींनीही ती दोन्ही खेळ मनसोक्त खेळून झाल्यावर धरली. आपल्या शाळांत कबड्डी आणि खो-खोचा सराव बहुधा एकाच संध्याकाळी, एकाच वेळी असतो, त्यामुळे मुलीला काही ठरवायची संधीच मिळत नाही. पालकसभेत क्रीडाशिक्षकांना एवढंच विचारा : या दोन सरावांचे वार वेगळे करता येतील का?