अंथरुणाला खिळलेल्याची सेवा : करणाऱ्याने कोणाला विचारावे?



उसावर लोकरी मावा दिसला की आपण दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात जाऊन शेतकी मदतनिसाला गाठतो. औषध कोणते, किती पाण्यात, पुन्हा कधी, सारे विचारून घेतो. त्यात कमीपणा वाटत नाही. पण घरच्या वडीलधाऱ्याला अर्धांगवायूचा झटका येतो, आठ-दहा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणतात आणि पुढचे सगळे एका बाईच्या अंगावर पडते. बहुधा ती सून असते, नाहीतर बायको. तिला पगार नाही, सुट्टी नाही आणि शिकवलेलेही कोणी नसते. "त्यात काय शिकायचे, सेवा तर आहे," असे आपण म्हणतो. शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

विचारण्याची पहिली जागा म्हणजे दवाखानाच, आणि वेळ म्हणजे घरी सोडण्याच्या आदला दिवस. होते काय, की बिल भरायला व कागद घ्यायला पुरुष मंडळी जातात आणि जिला करायचे आहे ती घरी चुलीपाशी राहते. तिला त्या दिवशी दवाखान्यात न्यावे. नर्सबाईंकडून कूस कशी बदलावी, लघवीची पिशवी कशी रिकामी करावी, नळीतून अन्न कसे द्यावे, हे तिने स्वतःच्या हाताने एकदा करून पाहावे. नुसते ऐकून ध्यानात राहत नाही.

काही गोष्टी तर आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहेत. लुळ्या हाताला धरून माणसाला उठवू नये, खांदा निखळतो. पाठीवर किंवा माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला तर तेल लावून चोळू नये, आतले मांस आणखी दुखावते. त्याखाली ट्यूबची गोल चकती ठेवण्याचीही पद्धत आहे, तीही नको. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे हाच बेडसोअरवरचा खरा उपाय. हवेची गादी आणली तरी ते चुकत नाही. पाणी पाजताना ठसका लागत असेल तर तसेच पाजत राहू नये, आधी डॉक्टरांना सांगावे. जेवण निजवून भरवू नये. बसते करून भरवावे व नंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहावी.

घरी आल्यावर गावातली आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही जवळची ठिकाणे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. अंथरुणावरच्या वृद्धांना घरी येऊन पाहण्याची तरतूद त्यात आहे. मात्र आपण नाव सांगितल्याशिवाय कोणी दारात येत नाही, तेव्हा आशाताईंकडे नाव नोंदवावे.

आता कागदांचे. आजार स्थिरावूनही अपंगत्व राहिले तर दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र काढावे. अर्ज ऑनलाइन करता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागते. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख २०१६ च्या कायद्यात आहे. म्हणून त्याबद्दलही समाजकल्याण कार्यालयात विचारावे. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कचेरीत करावी.

घरात मतिमंद किंवा सेरेब्रल पाल्सीचे मूल असेल तर आणखी एक गोष्ट. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करावा लागतो. ‘निरामय’ हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही याच न्यासाचा आहे.

विसरभोळेपणाचा किंवा मनाचा आजार असलेल्या घरांची अडचण वेगळीच. तिथे माणूस हिंडता-फिरता असतो आणि शेजारी म्हणतात, "याला काय धाड भरलीय?" स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी पुण्यात १९९७ साली ‘सा’ ही संस्था निघाली. ती काढणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीलाच हा आजार होता. अशा संस्थांत घरची माणसे एकत्र बसतात, एकमेकांना विचारतात. डॉक्टरला पाच मिनिटांत जे सांगता येत नाही ते तिथे कळते.

राहता राहिली आपली गोष्ट. विहीर भावकीची असली की आपण पाण्याच्या पाळ्या लावतो आणि एक तास इकडचा तिकडे होऊ देत नाही. सेवेच्या पाळ्या मात्र कुणी लावीत नाही. रात्रीची एक कूस मुलाने बदलली, लेकीने किंवा धाकट्या जावेने आठवड्यातला एक दिवस उचलला, तर त्या बाईला सलग झोप मिळेल. कंबर तिचीही आहे. तिला झोप येईनाशी झाली, उगाच रडू येऊ लागले, आजाऱ्यावर हात उगारावासा वाटू लागला, तर ती दुष्ट झाली असे समजू नये. ती थकली आहे. तिने १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर बोलावे, तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. वृद्धांच्या प्रश्नांसाठी १४५६७ हा क्रमांक सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत आहे. हे दोन्ही क्रमांक तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये घालून द्यावेत, कारभाऱ्याच्या नव्हे.