अर्ध्या वेळेची नेमणूक

पुणे-नाशिक महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा अशी गावे लागतात, दुतर्फा ऊस, कांदा आणि टोमॅटो यांचे मळे दिसतात, आणि जुन्नर व आंबेगाव हे दोन्ही तालुके चांगले सधन आहेत अशी त्याची समजूत होते. ती पूर्वभागापुरती खरी आहे. परंतु ज्या धरणांच्या पाण्यावर हे मळे पिकतात ती ज्या सह्याद्रीच्या कुशीत बांधली गेली, तेथे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असून भात, नाचणी, हिरडा आणि मोलमजुरी यांवर तेथील संसार चालतात. ज्या गावाचे नाव तालुक्याला मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले, आणि तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली, तेव्हा या पट्ट्यातील पावसाळा म्हणजे काय याची कल्पना उर्वरित महाराष्ट्राला आली. अशा मुलखात ज्या घरी चालू न शकणारे, ऐकू न येणारे किंवा बुद्धीची वाढ मंदावलेले मूल आहे, त्या घराला दवाखाना, शाळा आणि कचेरी ही तिन्ही ठिकाणे इतरांहून कितीतरी लांब पडतात.

हे अंतर कमी करण्यासाठी दिव्यांग मुलांच्या कुटुंबांत काम करणाऱ्या संस्था अर्धवेळ समन्वयक नेमतात. नेमणूक बहुधा त्याच भागातील एखाद्या स्त्रीची होते, शिक्षण बारावी किंवा पदवीपर्यंतचे असते, आणि पाचदहा गावांची वा वाड्यांची यादी तिच्या स्वाधीन केली जाते. तिने आठवड्यातले ठरावीक तास या घरांतून हिंडावे, मुलांची नोंद ठेवावी, पालकांच्या सभा भरवाव्यात आणि सरकारी योजनांचे अर्ज मार्गी लावावेत, असा तिच्या कामाचा तपशील कागदावर असतो. कागद वाचणाऱ्याला ही एक किरकोळ, फावल्या वेळची चाकरी वाटेल. प्रत्यक्षात दिव्यांग मुलाच्या नावाने राज्याने जे काही देऊ केले आहे ते त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचते की तालुक्याच्या दफ्तरातच राहते, याचा निकाल पुष्कळदा या किरकोळ वाटणाऱ्या नेमणुकीवर लागतो.

देऊ केलेले थोडे नाही. १९९५च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. १९ एप्रिल २०१७पासून अमलात आलेल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले, आणि ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या बालकाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तीव्र वा बहुविकलांग मुलाला घरी राहूनच शिकण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने मिळाला. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. १९८०पासून चालत आलेले संजय गांधी निराधार अनुदान तहसील कचेरीतून मंजूर होते, ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा असा शासनाचा आदेश आहे, आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच स्थापन केला. दिव्यांग कल्याण आयुक्तांची कचेरी पुण्यातच आहे. म्हणजे कायदे आहेत, योजना आहेत, अधिकारीही आहेत. आणि तरीही डोंगरापलीकडच्या वाडीत बारा वर्षांचे मूल कोणत्याही यादीत नाव नसलेले आढळते.

असे का होते, हे कळण्यासाठी एकाच दाखल्याची वाट चालून पाहावी. सर्व सवलतींची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यू.डी.आय.डी. कार्ड. त्याचा अर्ज ऑनलाईन भरावा लागतो. त्यासाठी मुलाचे आधार कार्ड लागते. आणि ज्याचा जन्म घरीच झाला व ज्याची नोंद कोणी केली नाही, त्याचे आधार कार्ड काढण्यापूर्वी जन्मदाखल्यासाठी निराळाच खटाटोप करावा लागतो. आधारवर आडनाव एक आणि रेशनकार्डावर दुसरे, ही तर नित्याची गोष्ट. पुढे तपासणी येते. हाडांची वा डोळ्यांची तपासणी तालुक्याच्या शिबिरात होऊ शकते, पण बुद्ध्यंकाची चाचणी किंवा कानाची सूक्ष्म तपासणी म्हटली की औंधच्या जिल्हा रुग्णालयाची अथवा ससूनची वाट धरावी लागते, आणि तीही पुष्कळदा एका फेरीत आटोपत नाही. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे खरी, पण जिथवर एस.टी. जात नाही त्या वाडीतल्या आईची ही सवलत, मूल कडेवर घेऊन ती डांबरी रस्त्याला लागल्यानंतर सुरू होते. त्या दिवसाची मजुरी बुडते ती निराळीच. कार्ड हाती आल्यावर उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकखाते, सेतू केंद्रातला अर्ज आणि तहसीलच्या संजय गांधी शाखेतील मंजुरी हे टप्पे उरतात. आणि दाखला मुदतीचा असेल तर मुदत संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यांतील एकही पायरी अन्यायाची नाही, प्रत्येकीला काही कारण आहे. परंतु सगळ्या मिळून त्या एकट्या आईला न झेपणाऱ्या होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीवर कागदांची पिशवी खुंटीला टांगली जाते.

समन्वयक ती पिशवी खुंटीवरून काढते. कोणता कागद आधी आणि कोणता मागून, शिबिर कधी आहे, कोणत्या टेबलावर अर्ज अडला आहे, एकाच वाडीतल्या तीन मुलांना एकाच जीपमधून नेले तर भाडे कसे वाटून जाईल, हे सारे तिच्या वहीत असते. चांगली समन्वयक अर्ज स्वतः भरून टाकत नाही. ती आईला शेजारी बसवून भरते, पोचपावती आईच्याच हाती देते आणि पुढल्या खेपेस चौकशी आईलाच करायला लावते. कारण संस्था उद्या असेल वा नसेल, दाखल्याची मुदत मात्र ठरल्या दिवशी संपणारच आहे.

कचेरीचे हे काम दिसते, मोजता येते आणि अहवालात लिहिता येते. घरातले काम तितके दिसत नाही. मेंदूच्या पक्षाघातामुळे मान न सावरणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला आई मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून पेज भरवीत असते. प्रत्येक घोटाला त्याला ठसका लागतो, अर्धी पेज गळ्यावर सांडते, एका जेवणाला तासभर जातो आणि तरीही मूल वाळत जाते. तेथे फिजिओथेरपिस्टकडून शिकून आलेली समन्वयक त्या मुलाला घराच्या दोन भिंतींच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गोधडीच्या घट्ट गुंडाळ्या लावून, ताठ बसते करते. हनुवटी किंचित खाली राहील अशी बेताने धरते, पेज थोडी दाट करायला सांगते आणि लहान चमचा समोरून ओठांशी नेते. ठसका कमी होतो. यात कसलेही महागडे उपकरण नाही. पण ती एकदा दाखवून निघून गेली तर उपयोग नसतो, दर आठवड्याला येऊन हात कसा बसला आहे हे पाहावे लागते. बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलीला कोथिंबीर निवडायला, शेंगा सोलायला वा हात धुवायला शिकवताना कामाचे लहान लहान तुकडे पाडून एकेक तुकडा आठवडाभर गिरवायचा असतो, हेही असेच घरात बसून दाखवावे लागते.

आणि घरात आई एकटी नसते. तीन वर्षांचा नातू बोलत नाही म्हणून विचारणा झाली की आजी सांगते, “अगं, याचा बापबी उशिराच बोलला, लागंल बोलाया.” समन्वयक आजीशी वाद घालीत नाही. “खरंय आजी,” ती म्हणते, “पण पाठीमागून हाक मारली तर मान वळवतो का हो?” आजी घरातले ताट घेऊन त्याच्या मागे वाजवून पाहते, मूल वळत नाही, आणि कानाची तपासणी करायची हे त्या घरात आजीच्या तोंडूनच ठरते. मुलाच्या अपंगत्वाचा दोष सुनेच्या पायगुणावर किंवा गेल्या जन्मीच्या पापावर टाकण्याची रीत अद्याप सर्वत्र गेलेली नाही. भगताकडे जाऊन आलेले घर पुष्कळदा दवाखान्यात जायला लाजते. मूल जन्मताच रडले नाही, त्याला प्राणवायू कमी पडला, कावीळ डोक्यात गेली, अशी कारणे सोप्या शब्दांत सांगून आईच्या माथ्यावरचा तो ठपका उतरवणे हेही समन्वयकाचेच काम असते, जरी नेमणूकपत्रात त्याचा उल्लेख नसला तरी. चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारा बाप आणि धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळा सोडलेली थोरली बहीण, यांच्याकडेही तिला पाहावे लागते. मात्र निदान करणे हे तिचे काम नव्हे; मर्यादा ओळखून योग्य दाराशी नेऊन पोचवणे हे तिचे काम.

गावातल्याच साध्या शिकलेल्या बाईवर असा विश्वास टाकण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला जे काम सुरू केले त्याचा कणा निरक्षर वा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांचा होता, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तयार केलेल्या आरोग्यदूतांनी घरीच नवजात बाळाला वाचवता येते हे सिद्ध केले, आणि जन्मतः गुदमरलेल्या बाळाची वेळीच घेतलेली काळजी म्हणजे पुढील अपंगत्वाचा काही अंशी प्रतिबंधच होय. अल्मा-आता येथील १९७८च्या परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने समाजाधारित पुनर्वसनाचा जो पुरस्कार केला, आणि मेक्सिकोतील डोंगराळ खेड्यात काम करताना डेव्हिड वर्नर यांनी १९८७मध्ये खेड्यांतील अपंग मुलांवर जे पुस्तक लिहिले, त्यांचाही आशय हाच की पुनर्वसनाचे ज्ञान इस्पितळाच्या भिंतींत कोंडून न ठेवता कुटुंबाच्या हाती दिले पाहिजे. आशा, अंगणवाडीसेविका आणि शाळेचे विशेष शिक्षक आज गावोगाव आहेत. पण आशाकडे गरोदर स्त्रिया आणि लसीकरण, सेविकेकडे सहा वर्षांपर्यंतची बालके, विशेष शिक्षकाकडे कित्येक शाळा, अशी वाटणी असल्याने एकाच मुलाचा सबंध विचार करणारे माणूस उरत नाही. ती फट समन्वयक भरून काढते.

अशा कामाला अर्धवेळ माणूस का, पूर्ण वेळचे का नको, असे कोणी विचारील. माझ्या मते या मुलखात अर्धवेळ असणे हा या नेमणुकीचा गुण आहे. भातलावणीच्या दिवसांत किंवा हिरड्याच्या हंगामात पश्चिमेकडच्या घरांना दिवसभर कुलूप असते, पूर्वेकडे कांदाकाढणी आणि टोमॅटोतोडणी चालू असता कोणी भेटत नाही. भेटीची वेळ सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला, आठवडे बाजाराच्या दिवशी, एवढीच. जिचे स्वतःचे शेत आहे, जिला लावणी चुकत नाही, तिलाच हे वेळापत्रक कळते. शिवाय पुण्याहून पूर्णवेळ नेमून आलेला पदवीधर वर्षा-दोन वर्षांत निघून जातो, आणि दिव्यांग मुलाच्या घराला पंधरा वर्षे टिकणारी ओळख लागते. ज्या स्त्रीच्या स्वतःच्याच घरी असे मूल आहे तिला पूर्णवेळ नोकरी करता येत नाही, पण या कामातले तिचे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षणाने मिळणारे नाही. तिच्यासाठी अर्धवेळाची ही जागा म्हणजे अपुरी संधी नव्हे, योग्य संधी आहे.

परंतु या गुणाचाच गैरफायदा सहज घेतला जातो. तास अर्धे, मानधन अर्धे आणि जिम्मा मात्र पुरा, अशी रचना संस्थांच्या अंगवळणी पडते. रात्री फोन येतो तो अर्धवेळाचा नसतो. समाजसेवेच्या नावाखाली स्त्रियांच्या श्रमाला कमी लेखण्याचा हा शिरस्ता सरकारनेच पाडला आहे. अंगणवाडीसेविकांचे काम अर्धवेळाचे आहे हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२च्या निकालात मान्य केले नाही आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला; स्वयंसेवी संस्थांनीही तो निकाल आपल्या बाबतीत एकदा वाचून पाहावा.

म्हणून अशा जागेसाठी अर्ज करणारीने काही गोष्टी रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात: आठवड्याचे तास किती आणि ते कोण मोजणार, गावे किती, आणि पावसाळ्यात जाता न येणाऱ्या वाड्यांचे काय, दुचाकीच्या पेट्रोलचा वा जीपच्या भाड्याचा खर्च मानधनाव्यतिरिक्त मिळणार की त्यातूनच, अडचणीच्या प्रसंगी कोणत्या थेरपिस्टला वा डॉक्टरांना फोन करता येईल, मुलांची छायाचित्रे देणगीदारांना पाठवायची तर पालकांची संमती कोण आणि कशी घेणार, आणि एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे लक्षात आले तर संस्थेत ते कोणाला सांगायचे. ज्या संस्थेकडे या प्रश्नांची लेखी उत्तरे नसतील तिला चांगली समन्वयक मिळाली तरी ती टिकणार नाही. आणि संस्थेने आपल्या कामाचा हिशेब वर्षाअखेरीस किती भेटी झाल्या, किती अर्ज गेले, एवढ्यावर न मांडता, किती आया आता घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या कचेरीत एकट्या जाऊन आपल्या अर्जाचा क्रमांक सांगून जाब विचारतात, यावर मांडावा. तो आकडा वाढू लागला तर समन्वयकाचे तास अर्धेच पुरतील. तो वाढत नसेल तर तिला दिवसरात्र राबवूनही ते काम कधीच पुरे होणार नाही.